इंजिन बंद

तिसऱ्या गेटाचं फाटक पडलंय.
अडव्याप्पाच्या गाड्यावर चहा उकळतोय,
आणि पोरांचं पुन्हा तेच,
"मामा, देवमासा खरंच बघितलास काय, की थापा मारूलास?"

बघितलो.

बसवंत मुतगेकर माझ्या हाताखाली शिकला.
पहिल्या महिन्यात तीन ड्रिल मोडले त्यानं.
आता चोवीस प्रवाशांच्या एका छोट्या जहाजावर
इंजिनाचा मोठा साहेब.
एक केबिन रिकामी होती. फोनवर म्हणाला, मेस्त्री, या.

पासपोर्टाच्या फॉर्मवर जन्मगाव लिहिताना
कारकुनानं विचारलं, बेळगाव की बेळगावी?
म्हटलं, चौकटीत मावेल ते.

चार दिवस मी समुद्र बघितलाच नाही.
पाय डेकवर, कान खाली.
पस्तीस वर्षं लेथपुढं उभ्या माणसाला
लाट कळत नाही, बेअरिंग कळतं.
डाव्या शाफ्टात काहीतरी घासत होतं,
केसभर.
बसवंतला सांगितलं तर हसला,
"मला सहा महिने लागले, मेस्त्री."

पाचव्या दिवशी बेट.
गोडं पाणी नाही, सावली नाही,
तांबडा दगड आणि माणसाच्या दुप्पट निवडुंग.
मे महिन्यातला सौंदत्तीचा डोंगर
कुणी उचलून समुद्रात ठेवावा तसा,
यल्लम्मा आणि भंडारा तेवढा मागे राहिलेला.
उतरायच्या आधी सगळ्यांचे बूट ब्रशनं घासतात,
बाहेरचं बी नको, बाहेरची माती नको.
इनेस नावाची पोरगी गुडघ्यावर बसली
आणि माझ्या टाचेच्या खाचेतून
चिमट्यानं ओढून काढली
पोलादाची एक निळी, कुरळी चीप.
उन्हात धरून विचारलं, हे कसलं बी?
मराठीत सुचलं, कन्नडात सुचलं,
तिला कळेल असं एकातही नव्हतं.
नुसतं म्हटलं, "उद्यमबाग."
तिनं वहीत लिहून घेतलं.

दुपारी कप्तानानं इंजिन बंद केलं.
दोन्ही शाफ्ट थांबले. मग जनरेटरसुद्धा.
मी रेलिंग घट्ट धरलं.
बंद यंत्राजवळ उभं राहायची सवय नाही मला,
बंद म्हणजे नुकसान, बंद म्हणजे मालकाचा फोन.
आणि इथं चोवीस माणसं पैसे मोजून
आवाज नसण्यात उभी.

मग आला.
दिसला नाही आधी, ऐकू आला,
कल्लाप्पाच्या कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह सुटावा तसा,
फस्स,
पण ओला, लांब, दमलेल्या माणसाचा.
मागून वास, शिळ्या बांगड्याचा.
मग पाठ. ती संपेचना.
मनात मोजू लागलो, वीस फुटी प्लेट, चाळीस,
पुढं मोजायचं राहून गेलं.

बसवंतला मधे घालून इनेसनं विचारलं,
तुमच्याकडे याला काय म्हणतात?
देवमासा. देव आणि मासा.
ती म्हणाली, पण हा मासा नव्हेच.
मी म्हटलं, दुसऱ्या शब्दाचीही खात्री नाही.
बसवंतनं हे तिला सांगितलं की नाही, माहीत नाही.
ती दुर्बिणीतून बघत राहिली.

फाटक उघडलं. ग्लास ठेवून पोरं उठली.

साडेदहाला करंट गेला.
एका शेडमागून एका शेडातले लेथ
आपल्याच वजनावर फिरत फिरत निवले.
पत्र्यावर कावळ्याची नखं ऐकू आली.
एरवी इथं कुणीतरी हेस्कॉमच्या नावानं शिवी घालतो.
आज शंकर हातातलं फडकं तसंच धरून उभा.
भिंतीपलीकडे कल्लाप्पानं टाकी मोकळी केली,
फस्स.

"मामा," शंकर हळू बोलला, "आलाय बघ."

गप, म्हटलं.
दुसऱ्या श्वासाला आठ-दहा मिनिटं लागतात.